समन्वयाने मेंढी नेली

९ मार्च

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

तू मजेत असणारच. म्हणून थेट आनंदाची बातमी सांगतो. तुझ्या डोंगरावर लांडगे येताहेत! एकूण चार, दोन नर आणि दोन माद्या.

इथल्या तलावाशेजारच्या मोठ्या बागेमागे रान आहे, तिथे त्यांनी हिवाळाभर बस्तान मांडलं होतं. शहराचं त्यांच्यावर फार प्रेम बसलं. मग बागेत फिरायला आणलेली दोन लहान कुत्री गेली, तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की लांडग्यांना मोकळ्या हवेची गरज आहे. आमच्या खात्याने नकाशा पसरला. संचालकबाईंचं बोट फिरत फिरत नेमकं तुझ्या कुरणावर येऊन थांबलं. मी म्हणालो, "बाई, तिथे माझी सख्खी बहीण मेंढ्या राखते." बाईंना इतका आनंद झाला! म्हणाल्या, "मग स्थानिकांचा पाठिंबा मिळवायचं काम संपलंच की."

लांडग्यांना नावं द्यायला समिती नेमली होती. तीन बैठकांनंतर उमेद, सुसंवाद, समन्वय आणि भागीदारी अशी नावं ठरली. भागीदारी ही थोरली मादी. तिच्यापासून जरा जपून राहा.

सोबत पत्रकाच्या पन्नास प्रती पाठवतोय. 'लांडगा दिसल्यास' हा मजकूर पूर्णपणे माझा आहे. वरच्या वस्तीत वाटून टाक. तुला माहीतच आहे, मी सहा वर्षं हंगामी आहे. हे स्थलांतर सुरळीत पार पडलं तर कायम होईन. तेव्हा तुझ्या सहकार्याची अपेक्षा आहे.

तुझ्या भावजयीचा नमस्कार.

तुझा,
धाकटा

—

२२ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

का आता साहेब म्हणायचं? पत्रक छापणाऱ्या माणसाला एकेरीत हाक मारायची म्हणजे जीभ अडखळते.

आले हो तुझे चौघे. दोन ट्रक, एक डॉक्टर, तीन कॅमेरेवाले आणि खास लांडग्यांना गाणं म्हणून दाखवणारी एक मुलगी, असं वऱ्हाड आलं होतं. पिंजऱ्याची दारं उघडली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी आणि पलीकडच्या उतारावरचा म्हातारा मेंढपाळ तेवढे गप्प होतो. म्हातारा म्हणाला, "टाळ्या वाजवणारे परत जाणार का इथेच राहणार?" ते चार वाजता परत गेले.

तुझं पत्रक वाचलं. लांडगा दिसल्यास घाबरू नये, पळू नये, शांत खालच्या आवाजात बोलावं. बोलावं काय ते मात्र लिहिलेलं नाहीस. हवापाण्याचं बोलू का? माझ्या मेंढ्यांना पत्रक वाचून दाखवलं. न पळण्याचं कलम त्यांना पटलेलं दिसत नाही. बाकीच्या प्रतींनी खिडकीची फुटलेली काच बंद केली, वारा छान थांबतो.

तुझ्या बाईंना सांग, पाठिंबा आहे. लांडगे म्हणजे आता आमच्या घरचेच पाहुणे, फक्त हे पाहुणे पान वाढायची वाट बघत नाहीत आणि जाताना घरातलंच कुणीतरी घेऊन जातात.

एक काम कर. त्यांच्या गळ्यात पट्टे आहेत, आणि ते पट्टे तुमच्या कचेरीतल्या पडद्यावर ठिपके दाखवतात, असं तो डॉक्टर म्हणाला. रोज सकाळी लांडगे कुठल्या बाजूला आहेत एवढं कळलं तर मी कळप दुसऱ्या बाजूला नेईन. वस्तीतल्या दुकानात फोन आहे, तिथे निरोप ठेवत जा. एवढं झालं तरी पुष्कळ आहे.

ठोंब्या कुत्रा मस्त आहे. त्याने एकदाच भुंकून पाहिलं, नंतर त्यालाही पाठिंबा पटला.

तुझी,
ताई

—

५ एप्रिल

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

तुझ्या पत्राने काय हसवलंस! मी ते कचेरीत मोठ्याने वाचून दाखवलं. संचालकबाईंनी पाहुण्यांचं वाक्य दोनदा वाचायला लावलं आणि वहीत उतरवून घेतलं. म्हणाल्या, "या लोकांची भाषाच किती समृद्ध असते नाही!" मला तुझा अभिमान वाटला.

ठिपक्यांचं मात्र जमणार नाही. लांडग्यांचा ठावठिकाणा गोपनीय असतो. कुणी त्यांना त्रास दिला तर? पडदा माझ्या टेबलासमोरच आहे, मला दिवसभर दिसतो, पण नियम म्हणजे नियम. घरच्यांसाठी वाकवायला लागलो तर झालंच.

इथे वर्तमानपत्रात मोठा वाद चाललाय, स्थलांतराचा खर्च कोणी सोसायचा. प्राणिमित्र म्हणतात सरकारने, सरकार म्हणतं समाजाने, समाज म्हणतो मेंढपाळांनी चांगली कुत्री पाळावीत. सगळ्यांची बाजू कुठेतरी बरोबर आहे. मी यावर एक टिपण लिहितोय.

आणि काही नुकसान झालंच तर अर्ज आहे ना. सोबत दहा पाठवतो. मेंढी जिथे पडली तिथेच, न झाकता, न हलवता ठेवायची आणि पडताळणी अधिकाऱ्याची वाट बघायची. तो सात कामाच्या दिवसांत येतोच. अर्ज भरत जा बरं का. अर्ज आला नाही तर नुकसान झालं असं आम्हाला म्हणता येत नाही.

तुझा,
धाकटा

—

२८ एप्रिल

चि. धाकट्यास आशीर्वाद.

गेल्या पत्रात मी एक गोष्ट लपवली होती. ते पत्र लिहिलं त्याच्या आदल्या दिवशी माझ्या तीन मेंढ्या गेल्या होत्या. म्हटलं, पोराला सहा वर्षांनी काही चांगलं घडतंय, कशाला त्याच्या घासात खडा टाका.

आता लपवण्याजोगं राहिलेलं नाही. संध्याकाळी मेंढवाड्याच्या दारात उभी राहते, प्रत्येकीच्या पाठीवर हात ठेवून एकेक आत घेते, आपली आई घ्यायची तशी. चौसष्ट वेळा हात ठेवायची. परवा त्रेपन्न वेळा ठेवला आणि पुढे हाताला काही आलं नाही.

तुझ्या अर्जाची गंमत ऐक. इथे मेंढी मेली की तासाभरात ती वाड्यापासून दूर नेऊन दगडाखाली गाडायची, हे आमच्यात लहान पोरालाही ठाऊक आहे. नाहीतर बाकीच्या त्या वासाने वाड्यात पाय ठेवत नाहीत, दूध चोरतात, आणि ज्याने मारली तो उरलेलं खायला पुन्हा येतो. म्हणून वस्तीत कुणीच अर्ज भरलेला नाही. पण मी म्हटलं, आपल्या घरचा साहेब आहे, त्याचा मान राखू. समन्वयाने मेंढी नेली, ती थोडी खाऊन उंबराच्या झाडाएवढ्या खडकाजवळ टाकली होती. मी ती झाकली नाही, हलवली नाही, अर्ज भरला.

दुसऱ्या दिवशी समन्वय भागीदारीला घेऊन आला. दोघांनी मिळून पुरावा संपवला आणि जाताना आणखी दोन नेल्या. सहाव्या दिवशी तुमचा पडताळणी अधिकारी आला. त्याला चार लोकरीचे झुबके दाखवले. त्याने लिहिलं, 'कारण अनिश्चित, भटकी कुत्री संभवतात.' ठोंब्याकडे असं बघितलं की बिचारा खाली मान घालून निघून गेला. अर्ज नामंजूर.

तुम्ही उंटावरून शेळ्या हाका, माझं काही म्हणणं नाही. पण निदान शेळ्या कुठे आहेत ते बघून तरी हाका.

हे सगळं जसंच्या तसं तुझ्या बाईंना वाचून दाखव. समृद्ध भाषा वगैरे नको, फक्त आकडा वाच. अकरा.

तुझी,
ताई

—

१५ मे

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. वाईट वाटलं. पण ते एक आठवडा आधी आलं असतं तर! अहवाल छापखान्यात गेला होता.

अहवाल देखणा झालाय. प्रत पाठवतो. पान बारावर 'नुकसान' या सदरात 'निरंक' असं आहे, ते बघून रागावू नकोस. आलेले अर्ज एक, मंजूर शून्य, मग दुसरं काय लिहिणार? तू मला पत्र लिहिलं होतंस हे खरं, पण पत्र म्हणजे अर्ज नव्हे. आणि मुखपृष्ठावर तुझं वाक्य आहे! "लांडगे म्हणजे आता आमच्या घरचेच पाहुणे. एक स्थानिक मेंढपाळ महिला." वाक्याचा पुढचा भाग गाळावा लागला, जागा कमी होती.

या अहवालामुळे वरिष्ठ इतके खूश आहेत की आणखी पाच लांडगे तुझ्या डोंगरावर पाठवायचं ठरतंय. शंभर टक्के यशस्वी जागा म्हणून तिची निवड झालीय. सहा जूनला इथल्या सभागृहात जाहीर सुनावणी आहे, ती एक औपचारिकता. त्यानंतर माझ्या कायम होण्याच्या कागदावर सही होईल, असं संचालकबाईंनी स्वतः सांगितलं. तुझ्या भावजयीने नवे पडदेही बघून ठेवलेत.

तुला यायचं असेल तर ये. सुनावणीनंतर चहा आहे.

तुझा,
धाकटा

—

२१ मे

धाकट्या,

आशीर्वाद पुढच्या पत्रात देईन.

तू माझ्या तोंडातून अर्धं वाक्य काढून घेतलंस आणि त्यावर पाच लांडगे मागवलेस. टोमणा कळत नाही असा तू नाहीस. आपल्या घरात आई कालवणात मीठ कमी पडलं तरी टोमण्यातच सांगायची, आणि सगळ्यात आधी तू हसायचास. तेव्हा तुला कळलं नाही असं मला सांगू नकोस. तुला कळलं, बाईंना कळलं नाही, आणि तू त्यांना कळू दिलं नाहीस.

नऊ लांडगे आणि त्रेपन्न मेंढ्या, हा हिशेब तुझ्या पत्रकात नसला तरी मला करता येतो. पाच आणखी आले तर मी पावसाळाभरही टिकणार नाही. उरलेली जनावरं जिवंत असताना विकावी लागतील. मेंढ्या गेल्या तर या डोंगरावर माझं काय काम, हे तूच सांग. चाळीस वर्षं मी दुसरं काही केलेलं नाही.

एकच मागते. सुनावणीत उभा राहा आणि म्हण, ही माझी बहीण, हे तिचं वाक्य, आणि त्याचा पुढचा भाग असा आहे. दहा सेकंदांचं काम आहे. दुसऱ्याच्या जिवावर उदार व्हायला तुम्हाला अडीच महिने पुरले, स्वतःच्या जिवावर दहा सेकंद हो.

मी येतेय. मंगळवारच्या टपालगाडीत बसून.

ताई

—

८ जून

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

चहा न घेता निघून गेलीस. सगळे विचारत होते.

तुझा गैरसमज झालाय म्हणून लिहितो. पडद्यावर तुझं वाक्य होतं आणि खाली दुसऱ्याच बाईचा हसरा फोटो होता, त्याबद्दल मी दिलगीर आहे. छापखान्याकडे तो तयार होता. तू उभी राहिलीस तेव्हा अध्यक्षांनी तुला बसवलं, तेही नियमाने. प्रत्येकाला बोलायला एकदाच दोन मिनिटं असतात, आणि यादीत 'स्थानिक मेंढपाळ महिला, म्हणणं आधीच नोंदलेलं' असं होतं. तू "अहो, ती मीच" म्हणालीस, पण ओळखपत्र आणलं नव्हतंस. लोक हसले ते तुला नाही हसले, प्रसंगाला हसले.

तू तिसऱ्या रांगेकडे बघत होतीस ते मला दिसलं. मी टिपणं घेत होतो. मान वर करायला वेळ नव्हता इतकं भराभर बोलणं चाललं होतं. उभं राहायचं माझ्या मनात होतं. खरंच होतं. पण नेमकं त्याच वेळी संचालकबाईंनी मला खिडकी लावायला सांगितलं, आणि खिडकी लावून येईपर्यंत विषय पुढे गेला.

असो. सही झाली.

तुझ्यासाठी मी गप्प बसलेलो नाही. खात्याची नवी योजना आहे, 'लांडगा-दर्शन'. शहरातून बसने लोक येणार, त्यांना डोंगर दाखवायला स्थानिक मार्गदर्शक हवेत. पहिलं नाव तुझंच सुचवलंय. जाकीट आणि शिट्टी खात्याकडून मिळते. बोलायची तर तुला हौसच आहे.

तुझा,
धाकटा

—

३० ऑगस्ट

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

तीन महिने तुझं पत्र नाही. मेंढ्या विकल्याचं तुमच्याकडच्या बाजाराच्या नोंदीवरून कळलं. आमच्याकडे त्याची 'व्यवसायात स्वेच्छेने बदल' अशी नोंद घेतली आहे. म्हणजे पुढच्या अहवालातही नुकसान निरंकच राहील. मार्गदर्शकाचं काम तू घेतलंस हे ऐकून मात्र बरं वाटलं. पर्यटकांचे अभिप्राय उत्तम आहेत म्हणे.

आता एक विचारायचं आहे. गेल्या तीन आठवड्यांपासून माझ्या टेबलावरचा फोन सतत वाजतोय. अनोळखी माणसं असतात. एक निवृत्त शिक्षक रोज सकाळी बरोबर साडेदहाला करतात. सगळे एकच विचारतात, "ठिपके कुठल्या बाजूला आहेत?" काल एका बाईंनी विचारलं, "अकरा मेंढ्यांचं काय झालं?" संचालकबाईंच्या कानावर गेलंय. त्या म्हणतात, नंबर बाहेर कसा गेला याचा खुलासा कर. मी नुकताच कायम झालोय ताई, आणि असं.

तुला यातलं काही माहीत आहे का?

तुझा,
धाकटा

—

१० सप्टेंबर

चि. धाकट्यास आशीर्वाद.

माहीत आहे. नंबर मीच देते.

रोज दोन बसेस येतात, साठ माणसं. जाकीट घालते, शिट्टी वाजवते. लांडगे कुणालाच दिसत नाहीत, ठिपके गोपनीय आहेत ना, मलाही कुणी सांगत नाही. मग तीन तास काय दाखवायचं? मी त्यांना रिकाम्या मेंढवाड्याकडे नेते. दारात उभी राहते आणि प्रत्येकाच्या पाठीवर हात ठेवून आत घेते. पहिल्यांदा हसतात. पंधरा-वीस माणसं आत गेली की हसायचं थांबतं, का ते मला ठाऊक नाही. मग सांगते, इथे चौसष्ट होत्या. माझं वाक्य सांगते, पूर्ण. ते छापणारा माझा सख्खा भाऊ आहे हे सांगते, त्याचं पद सांगते, आणि शंका असल्यास हा त्याचा नंबर. खात्याने दिलेल्या पुस्तिकेत लिहिलंय की पर्यटकांच्या शंकांचं समाधान करावं. खुलाशात हेच लिहून टाक.

ती माणसं वाईट नाहीत रे. आपल्या बागेतली कुत्री गेली म्हणून लांडगे इकडे पाठवले, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांना वाटत होतं, इथे सगळं रिकामंच पडलेलं आहे. एकाने विचारलं, "मग हा खर्च सोसायचा कुणी?" मी म्हटलं, "सोसून झाला की. आता फक्त कुणाच्या नावावर लिहायचा ते राहिलंय." तो निवृत्त शिक्षक तोच.

लांडग्यांचा मला राग नाही. परवा भागीदारी दिसली, तिच्यामागे चार पिल्लं होती. पळाले नाही, बोललेही नाही. बघत राहिले. देखणी आहे रांड. मेंढ्या विकल्या त्या दिवशीही मी रडले नाही. सभागृहातून परत येताना टपालगाडीत रडले. गाडीवाल्याने विचारलं, कुणी गेलं का? मी म्हटलं, नाही, आहे, खिडकी लावतोय.

काल एक म्हातारी बाई आली होती, काठी टेकत. सगळे बसकडे निघाले तरी ती वाड्यातच थांबली. मला म्हणाली, "तुमच्या भावाला मी फोन करणार नाही. तुम्हालाच विचारते. एवढं झाल्यावर तो निदान पत्रातून विचारतो का, ताई, तू कशी आहेस?"

मला वाटलं, विचारतच असेल. घरी येऊन तुझी पत्रं काढली, पाचही, शेवटपासून पहिल्यापर्यंत वाचली. ती बाई रात्री वस्तीत मुक्कामाला राहिली होती; सकाळी परत निघाली तेव्हा मुद्दाम खाली उतरून तिला गाठलं आणि सांगितलं, हो, विचारतो, प्रत्येक पत्रात विचारतो. साठ माणसांसमोर रोज तुझं खरं सांगते, त्या एका बाईला खोटं सांगितलं. का सांगितलं ते मला विचारू नकोस.

विचारलं नाहीस तरी कळवते. धाकट्या, मी बरी नाही.

ताई